कोरियाची फाळणी: सैन्य आधी उभं राहिलं, देश नंतर

१४ मे १९४८च्या दुपारी दक्षिण कोरियातली वीज गेली. तारा तुटल्या नव्हत्या, यंत्रं बिघडली नव्हती. उत्तरेकडून येणारा पुरवठा ठरवून बंद केला गेला होता. सांगितलेलं कारण साधं होतं, बिल थकलंय. थकबाकी खरीच होती आणि तिच्यावरून दोन्ही बाजूंची बरीच हुज्जतही झाली होती. पण चारच दिवसांपूर्वी, १० मे रोजी, दक्षिणेने स्वतःपुरती वेगळी निवडणूक उरकली होती. वीज तोडण्याचा मुहूर्त बिलाने काढला नव्हता, त्या मतदानाने काढला होता.

जपानने ३५ वर्षं कोरियावर राज्य केलं आणि स्वतःच्या सोयीसाठी का होईना, तो एकच घर समजून बांधला. यालू नदीच्या खोऱ्यातली मोठी धरणं, हंगनामचे खतांचे आणि रसायनांचे कारखाने, कोळसा, खनिजं हे सगळं उत्तरेच्या डोंगराळ भागात. भाताची मोठी खाचरं आणि जवळपास दोन तृतीयांश माणसं दक्षिणेत. दक्षिणेच्या भाताला उत्तरेचं खत लागे आणि उत्तरेच्या ताटात दक्षिणेचा भात पडे. वायरिंग अख्ख्या घराचं, मीटरची पेटी मात्र उत्तरेच्या खोलीत. ती खोली वेगळी होईल असं बांधणाऱ्याच्या स्वप्नातही नव्हतं, आणि कोरियन माणसाच्या तर मुळीच नाही. एक भाषा, एक लिपी, आणि जपान येण्याआधी शेकडो वर्षं एका राजाखाली नांदलेला देश. फाळणीची जी कारणं आपल्या परिचयाची आहेत, धर्म, भाषा, वंश, त्यांतलं एकही इथे लागू पडत नाही. म्हणूनच हे प्रकरण मला फार महत्त्वाचं वाटतं. इथे राजकारण आणि लष्कर यांच्याखेरीज बोट दाखवायला दुसरं काही नाही.

शीतयुद्धाने कोरिया तोडला, असं म्हणून विषय संपवायची सवय पडली आहे. ते मला अपुरं वाटतं. ऑस्ट्रियाही १९४५ मध्ये वाटला गेला होता, तोही चार सैन्यांमध्ये. शीतयुद्धाच्या ऐन तोंडावरचा देश तो. तरी १९५५ मध्ये तो एकसंध बाहेर पडला. रेषा दोन्हीकडे होत्या. मग एकीकडची पुसली गेली आणि दुसरीकडची दगडासारखी का झाली, हा या अभ्यासाचा खरा प्रश्न.

अर्ध्या तासाचं काम

१९४३च्या कैरो जाहीरनाम्यात अमेरिका, ब्रिटन आणि चीन यांनी कोरियाला स्वातंत्र्य देऊ असं म्हटलं होतं, पण 'यथावकाश'. त्या एका शब्दात पुढचा घोळ भरलेला होता. रूझवेल्ट यांच्या मनात वीस-तीस वर्षांच्या विश्वस्तपणाची, म्हणजे तोवर मोठ्या देशांनी मिळून कारभार पाहण्याची, कल्पना होती. फेब्रुवारी १९४५ मध्ये याल्टाला त्यांनी ती स्टालिनपुढे बोलून दाखवली, तेव्हा मुदत जितकी कमी तितकी बरी, असं स्टालिन म्हणाले. कागदावर काही उतरलं नाही.

मग ऑगस्टमध्ये सगळं एकदम अंगावर आलं. ८ ऑगस्टला सोव्हिएत संघाने जपानविरुद्ध युद्ध पुकारलं आणि पुढच्या काही दिवसांत लाल सेना कोरियाच्या ईशान्य कोपऱ्यात शिरली. अमेरिकेचं सर्वांत जवळचं मोठं सैन्य ओकिनावावर, म्हणजे सुमारे ६०० मैल लांब. जपान शरण येणार हे दिसत होतं, पण कोरियातल्या जपानी फौजांनी शस्त्रं कोणाकडे ठेवायची? १० आणि ११ ऑगस्टच्या मधल्या रात्री वॉशिंग्टनमध्ये चार्ल्स बोनस्टील आणि डीन रस्क या दोन कर्नलना शेजारच्या खोलीत बसवून अर्धा तास दिला गेला. त्यांच्यासमोर नॅशनल जिऑग्राफिकचा एक नकाशा होता. राजधानी सोल आपल्या बाजूला राहावी एवढं त्यांनी पाहिलं आणि ३८वं अक्षवृत्त निवडलं. स्टालिननी हरकत घेतली नाही. खरं तर लाल सेनेला सबंध द्वीपकल्प सहज घेता आला असता. ती रेषेपाशी थांबली, यावरून एवढं तरी कळतं की त्या घडीला कोणालाच कोरिया कायमचा चिरायचा नव्हता. रेषा होती जपान्यांची शस्त्रं मोजून घेण्यासाठी.

जमिनीवर तिने काय केलं ते पाहा. ७५ हून अधिक ओढे, १२ नद्या, १८१ बैलगाडीच्या वाटा, १०४ गावरस्ते, १५ बारमाही प्रांतिक रस्ते, ८ महामार्ग आणि ६ लोहमार्ग तिने कापले. पश्चिमेला ओंगजिन नावाचं छोटं द्वीपकल्प आहे. त्याची मान रेषेच्या उत्तरेला आणि धड दक्षिणेला. म्हणजे ते दक्षिणेच्या ताब्यात, पण जमिनीवरून तिथे जायला वाट उत्तरेतून. सोलहून यायचं तर समुद्रातून. अक्षवृत्ताला डोंगर दिसत नाही, नदी दिसत नाही, आणि कोणाचं शेत कुठे संपतं हेही दिसत नाही.

जागा रिकामी नव्हती

सर्वसाधारण समज असा की जपान गेला, पोकळी झाली आणि महासत्तांनी ती भरली. हा समज चुकीचा आहे, आणि मला वाटतं सगळ्या प्रकरणाची किल्ली इथेच आहे.

१५ ऑगस्टच्या सकाळी जपानी प्रशासनाने यो उन-ह्योंग या नेत्याला बोलावून सुव्यवस्था राखण्याची विनंती केली. जपानी कुटुंबं सुखरूप मायदेशी जावीत एवढीच त्या प्रशासनाची काळजी होती. यो यांनी अटी घातल्या: राजकीय कैदी ताबडतोब सोडा, तीन महिन्यांच्या अन्नधान्याची हमी द्या, आमच्या कामात ढवळाढवळ करू नका. दुसऱ्या दिवशी तुरुंगाची दारं उघडली. महिना संपायच्या आत देशभर, रेषेच्या दोन्ही बाजूंना, १४५ च्या आसपास समित्या उभ्या राहिल्या. धान्यकोठारांवर पहारा बसवणं, गावात शांतता राखणं, ही कामं त्या करू लागल्या. ६ सप्टेंबरला सोलमध्ये 'कोरियन जन-प्रजासत्ताक' जाहीर झालं. त्यात डाव्यांचा वरचष्मा होता हे नाकारण्यात अर्थ नाही. पण अध्यक्ष म्हणून नाव घातलं होतं सिंगमन ऱ्ही यांचं, जे कट्टर कम्युनिस्टविरोधी होते आणि तेव्हा अजून अमेरिकेतच होते. सगळ्यांना एका पंगतीत बसवण्याचा तो प्रयत्न होता, ओबडधोबड का असेना.

८ सप्टेंबरला जनरल जॉन हॉज यांचं सैन्य इंचॉनला उतरलं. हॉज लढाईतले सेनानी. कोरियाची भाषा, इतिहास, राजकारण यांतलं त्यांना काही ठाऊक नव्हतं, आणि त्यांना पाठवलं गेलं ते जवळ होते म्हणून. त्यांनी सुरुवातीला जपानी गव्हर्नर जनरललाच खुर्चीवर राहू दिलं. लोक भडकले, तेव्हा काही दिवसांत त्याला हटवावं लागलं. लष्करी सरकारची अधिकृत भाषा इंग्रजी ठरली. त्यामुळे ज्याला इंग्रजी येतं त्याचं वजन वाढलं, आणि इंग्रजी येणारे बहुतेक सुखवस्तू, जमीनदार घरांतले. हे सरकार म्हणजे दुभाष्यांचं सरकार, असं लोक म्हणू लागले. जन-प्रजासत्ताकाला मान्यता मिळाली नाही आणि डिसेंबरमध्ये ते बेकायदा ठरलं.

उत्तरेत सोव्हिएत अधिकारी जास्त हुशारीने वागले. त्यांनी समित्या मोडल्या नाहीत, वापरल्या. प्याँगयांगच्या समितीचे प्रमुख होते चो मान-सिक. ख्रिस्ती, राष्ट्रवादी, गांधीजींचा प्रभाव असलेले. १९२०च्या दशकात त्यांनी स्वदेशी मालाची चळवळ चालवली होती आणि लोक त्यांना कोरियाचे गांधी म्हणत. काही महिने ही व्यवस्था चालली. तोवर १९ सप्टेंबरला वॉन्सान बंदरात एका सोव्हिएत जहाजातून ३३ वर्षांचा एक गनिमी लढवय्या उतरला होता, किम इल-सुंग.

आता ऑस्ट्रिया आठवा. तिथे एप्रिल १९४५ मध्ये कार्ल रेनर यांचं सरकार सोव्हिएत आशीर्वादाने उभं राहिलं. पाश्चात्त्यांना आधी संशय होता, पण ऑक्टोबरपर्यंत चारही सत्तांनी ते मान्य केलं आणि नोव्हेंबरमध्ये देशभर एकच निवडणूक झाली. पुढची दहा वर्षं चार सैन्यं तिथे बसून होती, पण त्यांच्या खाली एकच सरकार होतं. कोरियात असं सरकार जन्मतःच एका बाजूने मारलं आणि दुसऱ्या बाजूने गिळलं.

बंदुका कोणाच्या हाती

राजकीय करार व्हायच्या आधी दोन्ही बाजूंनी बंदुका वाटल्या. माझ्या मते फाळणीचं मूळ लष्करी कारण हे आहे. १९५०चं युद्ध ही त्याची पुढची पायरी.

दक्षिणेत हॉज यांना राज्य चालवायला तयार माणसं हवी होती, आणि तयार माणसं होती जपानी पोलिसांत नोकरी केलेली. १९४६ मध्ये दक्षिणेच्या पोलीस दलात वरच्या हुद्द्यांवरच्या दर दहांतले आठ जण जपानच्या काळात त्याच खात्यात होते. ज्याने काल स्वातंत्र्यसैनिकाला बडवलं, तोच आज स्वतंत्र देशाचा फौजदार. १५ जानेवारी १९४६ला निमलष्करी दल उभं राहिलं आणि पुढे तेच दक्षिणेचं सैन्य झालं. त्याच्या अधिकाऱ्यांमध्ये जपानी सैन्यात किंवा मांचुरियातल्या जपानधार्जिण्या सैन्यात शिकलेले बरेच होते.

उत्तरेत याच्या नेमकं उलट. किम इल-सुंग आणि त्यांचे सोबती मांचुरियाच्या जंगलांत जपानविरुद्ध लढले होते, मग सोव्हिएत हद्दीत जाऊन खबारोव्स्कजवळच्या ८८व्या ब्रिगेडमध्ये दाखल झाले होते. म्हणजे ३८व्या रेषेच्या दोन बाजूंना जे दोन अधिकारीवर्ग घडत होते, ते कालपर्यंत एकाच युद्धात समोरासमोरच्या बाजूंना होते. हे वैर मॉस्को-वॉशिंग्टनच्या वैराहून जुनं होतं. त्यात हिशेब चुकते करायचे होते.

उत्तरेच्या 'कोरियन जनसेने'ची स्थापना ८ फेब्रुवारी १९४८ची. उत्तरेचं राज्य जाहीर झालं ९ सप्टेंबर १९४८ला. सात महिने आधी सैन्य, मग राज्य. दक्षिणेतही दल १९४६चं आणि प्रजासत्ताक ऑगस्ट १९४८चं. या तारखा शेजारी शेजारी लिहून पाहिल्या की अंगावर काटा येतो. ज्या देशांचं रक्षण करायचं ते देश अजून नव्हतेच. रक्षक मात्र कवायत करत होते. एकदा असं सैन्य उभं राहिलं की त्याला पगार लागतो, शत्रू लागतो आणि आपल्या हुद्द्यांची हमी लागते. एकीकरण झालं तर यांतला कोणता सेनापती दुसऱ्याला सलाम ठोकणार होता?

मॉस्कोचा तोडगा

तरी एक संधी होती. २७ डिसेंबर १९४५ला मॉस्कोत परराष्ट्रमंत्र्यांचा करार झाला. कोरियन पक्ष आणि संघटनांशी सल्लामसलत करून एकच हंगामी सरकार नेमायचं आणि चार देशांनी जास्तीत जास्त पाच वर्षं विश्वस्त म्हणून राहायचं. आज शांतपणे वाचला तर तोडगा वाईट नव्हता. पहिला भाग तर नेमका हवा तोच होता. पण सोलच्या एका मोठ्या दैनिकाने त्याच दिवशी बातमी दिली की विश्वस्तपणाची मागणी रशियाची आणि अमेरिकेला हवंय ताबडतोब स्वातंत्र्य. वस्तुस्थिती उलटी होती, कल्पनाच मुळात अमेरिकेची. पण ३५ वर्षं पारतंत्र्य भोगलेल्या लोकांना 'विश्वस्त' हा शब्द ऐकूनच संताप आला. लोक रस्त्यावर आले. हंगामी सरकारचं कलम कोणी वाचलंच नाही. सबुरीचा सल्ला देणारे उजव्या बाजूचे नेते सोंग जिन-वू यांना ३० डिसेंबरला गोळ्या घालण्यात आल्या. कम्युनिस्ट आधी विरोधात होते, जानेवारीच्या सुरुवातीला एका फटक्यात बाजूने झाले. चो मान-सिक बधले नाहीत, तर सोव्हिएत अधिकाऱ्यांनी त्यांना प्याँगयांगच्या एका हॉटेलात नजरकैदेत ठेवलं. ते पुन्हा सार्वजनिक जीवनात दिसले नाहीत.

मार्च १९४६ मध्ये सोलच्या जुन्या राजवाड्यात अमेरिका-सोव्हिएत संयुक्त आयोग बसला. सोव्हिएत बाजूने हट्ट धरला की मॉस्को कराराला विरोध करणाऱ्यांशी आम्ही बोलणार नाही. म्हणजे जवळजवळ सगळे उजवे बाद. अमेरिकेने ते मानलं नाही. मे महिन्यात आयोग उठला, पुढच्या वर्षी पुन्हा बसला आणि पुन्हा निष्फळ उठला.

तोवर खाली जमीन सरकली होती, अगदी शब्दशः. मार्च १९४६ मध्ये उत्तरेने मोठ्या जमीनदारांच्या जमिनी काढून महिन्याच्या आत कुळांना वाटल्या. कुळांना न्याय मिळाला हे खरंच. पण जमीनदार, ख्रिस्ती, व्यापारी असे लाखो लोक दक्षिणेकडे निघाले. उत्तरेतला विरोधी पक्षच जणू बोचकं उचलून रेषेपार गेला आणि दक्षिणेत सर्वांत कडवा कम्युनिस्टद्वेष्टा म्हणून उभा राहिला. दक्षिणेत जमिनीचा प्रश्न तसाच लोंबकळत राहिला, धान्याची सक्तीची वसुली पोलीस करत राहिले आणि १९४६च्या शरद ऋतूत देगूपासून उठाव पेटला. जून १९४६ मध्येच ऱ्ही यांनी दक्षिणेपुरतं वेगळं सरकार काढावं असं उघड बोलून दाखवलं होतं. फाळणीची भाषा जाहीरपणे करणारे ते पहिले मोठे नेते. उत्तरेत ती भाषा केली जात नव्हती, कृती मात्र चालू होती: फेब्रुवारी १९४६ पासून तिथे हंगामी सरकारच काम करत होतं.

मधली माणसं

या काळातलं मला सर्वांत जास्त सलतं ते मध्यममार्गी नेत्यांचं काय झालं ते. डाव्यांतले मवाळ यो उन-ह्योंग आणि उजव्यांतले मवाळ किम क्यु-सिक यांनी डाव्या-उजव्यांची एक समन्वय समिती चालवली. दोन्हीकडच्या कडव्यांच्या शिव्या खात तग धरली. १९ जुलै १९४७ला यो सोलमध्ये मोटारीतून जात असताना त्यांना गोळ्या घातल्या. त्याआधी त्यांच्यावर अनेकदा हल्ले झाले होते. ते गेले आणि समितीही मोडली.

किम कू डावे नव्हते, मवाळही नव्हते. शांघायमधल्या निर्वासित सरकारचे नेते, जपान्यांवर बॉम्बहल्ले घडवणारे, कम्युनिस्टांचे वैरी. पण वेगळ्या निवडणुकीचा विषय निघताच त्यांनी साफ सांगितलं की वेगळं सरकार काढण्यात हातभार लावण्यापेक्षा ३८व्या रेषेवर कोसळून मरणं मी पत्करेन. एप्रिल १९४८ मध्ये ते रेषा ओलांडून प्याँगयांगला गेले. पाठोपाठ किम क्यु-सिक गेले. तिथली परिषद उत्तरेने आधीच बेतून ठेवलेली होती, हाती फारसं काही लागलं नाही, आणि परत आल्यावर भोळसट म्हणून त्यांची हेटाळणी झाली. मला तो भोळेपणा वाटत नाही. दोन्ही राजधान्यांत जाऊन बोलू शकेल अशी तेवढीच माणसं उरली होती. २६ जून १९४९ला दक्षिणेच्याच एका लष्करी अधिकाऱ्याने किम कू यांना त्यांच्या घरात गोळ्या घातल्या.

चार वर्षांत यो गेले, चो कोंडले गेले, किम कू गेले. रेषेला भोकं पाडणारी माणसं अशी एकेक करून संपली.

एका देशाची दोन जन्मपत्रं

सप्टेंबर १९४७ मध्ये अमेरिकेने प्रश्न संयुक्त राष्ट्रांकडे नेला. नोव्हेंबरमध्ये आमसभेने देशभर निवडणूक घेण्यासाठी आयोग नेमला, आणि इथे भारताचा संबंध येतो. आयोगाचे अध्यक्ष होते के. पी. एस. मेनन. सोव्हिएत संघाने आयोगाला उत्तरेत पाऊल टाकू दिलं नाही. मग पेच उभा राहिला: जिथे जाता येतं तिथेच निवडणूक घ्यायची का? म्हणजे फाळणीवर शिक्का मारायचा का? मार्च १९४८ मध्ये आयोगात मतदान झालं. चार बाजूने, दोन विरोधात, दोन तटस्थ. विरोधात कॅनडा आणि ऑस्ट्रेलिया. बाजूने पडलेल्या चार मतांत एक भारताचं होतं. आपली फाळणी होऊन तेव्हा सातच महिने झाले होते. हे मत मला आजही खटकतं, जरी त्या वेळी दुसरा पर्याय म्हणजे अनिश्चित काळ चालणारं लष्करी राज्य होतं, हेही कळतं.

जेजू बेटावर या निवडणुकीविरुद्ध ३ एप्रिलला बंड झालं. ते चिरडताना पुढच्या काही वर्षांत २५ ते ३० हजार माणसं मेली असं मानलं जातं, म्हणजे बेटावरच्या दहातलं एक. ऑक्टोबरमध्ये बंड मोडायला निघालेली एक रेजिमेंट योसू बंदरात उलटली. आपल्याच लोकांवर गोळ्या घालायला जाणार नाही म्हणाली. ते बंडही रक्तात बुडवलं गेलं, आणि डिसेंबरमध्ये आलेल्या राष्ट्रीय सुरक्षा कायद्याने पुढे कित्येकांना गजाआड केलं. फाळणी ही रेषेवरच होत होती असं नाही, ती गावागावांत आणि पलटणीपलटणीत होत होती.

१५ ऑगस्ट १९४८ला दक्षिणेचं प्रजासत्ताक जाहीर झालं, ९ सप्टेंबरला उत्तरेचं. दोन्ही राज्यघटना काय म्हणतात ते मुद्दाम पाहावं. दक्षिणेची म्हणते, आमचा प्रदेश म्हणजे सबंध कोरियन द्वीपकल्प. संसदेत ३०० जागा ठरल्या, त्यांतल्या १०० उत्तरेसाठी रिकाम्या ठेवल्या. उत्तरेची राज्यघटना म्हणत होती, आमची राजधानी सोल. प्याँगयांग ही तात्पुरती सोय, आणि हे कलम १९७२ पर्यंत तसंच राहिलं. दोघांनीही फाळणी मानलीच नव्हती. दोघांच्या लेखी दुसरा म्हणजे आपल्या जमिनीवर बसलेला चोर. अशा दाव्याचा निकाल कोर्टात लागत नाही.

१९४८ संपता संपता सोव्हिएत सैन्य निघून गेलं, जून १९४९ अखेर अमेरिकेचंही. मागे राहिली ती दोन्ही कोरियन सैन्यं. १९४९भर ओंगजिन आणि केसाँगच्या आसपास चकमकी चालू होत्या, कित्येकदा कुरापत दक्षिणेची असे. ऱ्ही उत्तरेवर चालून जातील या भीतीने अमेरिकेने दक्षिणेला रणगाडे दिलेच नाहीत. उत्तरेकडे मात्र सुमारे दीडशे सोव्हिएत टी-३४ रणगाडे आले, आणि चीनच्या यादवी युद्धात मुरलेले हजारो कोरियन सैनिक आपापल्या डिव्हिजनसह मायदेशी परतले. ऑगस्ट १९४९ मध्ये सोव्हिएत अणुचाचणी झाली, ऑक्टोबरमध्ये माओंनी चीन घेतला. आधी किम इल-सुंग यांना नकार देणारे स्टालिन जानेवारी १९५०च्या अखेरीस मदतीला तयार झाले. २५ जूनच्या पहाटे उत्तरेचं सैन्य रेषा ओलांडून आलं.

युद्धाचा तपशील सर्वांना ठाऊक आहे, थोडक्यात सांगतो. तीन दिवसांत सोल पडलं. सप्टेंबरमध्ये अमेरिकेचे जनरल मॅकआर्थर फौजेसह इंचॉनला उतरले. ऑक्टोबरमध्ये दक्षिणेकडच्या फौजांनी प्याँगयांग घेतलं, मग चीन उतरला आणि जानेवारी १९५१ मध्ये सोल पुन्हा पडलं. नऊ महिन्यांत राजधानीने चार वेळा हात बदलले. दोन्ही बाजूंनी एकेकदा एकीकरण जवळजवळ साधलं होतं, म्हणजे बळाने. दोन्ही वेळा बाहेरच्या सैन्याने ते उलटवलं. १९५१च्या उन्हाळ्यात आघाडी जवळपास निघाली तिथेच येऊन थांबली. केसाँग आणि ओंगजिन उत्तरेकडे गेले, पूर्वेचा थोडा डोंगराळ भाग दक्षिणेला मिळाला. अक्षवृत्ताच्या सरळ रेषेची वाकडी लष्करी रेषा झाली, तिच्या भोवतीचा निर्लष्करी पट्टा चार किलोमीटर रुंद आणि सुमारे २५० किलोमीटर लांब. ती डोंगरांवरून जाते, मोक्याच्या जागा पाहून जाते. म्हणूनच ती पहिल्या रेषेहून कितीतरी पक्की आहे.

दोन दारांचा तंबू

शस्त्रसंधी आणखी दोन वर्षं अडली ती युद्धकैद्यांपायी. मायदेशी परत जायला नकार देणाऱ्यांचं करायचं काय? भारताने सुचवलेल्या तोडग्यावरून वाट निघाली आणि २७ जुलै १९५३ला सह्या झाल्या. ऱ्ही यांनी सही केली नाही. परत जायला तयार नसलेले उत्तरेकडचे आणि चीनचे मिळून २२,६०४ कैदी, आणि दुसऱ्या बाजूचे ३५९, भारतीय सैन्याच्या ताब्यात दिले गेले. या कैद्यांसाठी नेमलेल्या तटस्थ देशांच्या आयोगाचे अध्यक्ष जनरल थिमय्या आणि ताबा सांभाळणाऱ्या दलाचे प्रमुख मेजर जनरल शंकरराव थोरात, आपल्या कोल्हापूरचे. ऱ्ही यांनी भारतीय सैनिकांना दक्षिणेच्या भूमीवर पाय ठेवू द्यायला नकार दिला, म्हणून इंचॉनच्या बंदरातून हेलिकॉप्टरने त्यांना थेट निर्लष्करी पट्ट्यात उतरवावं लागलं. तिथे त्यांनी छावणी वसवली, नाव दिलं हिंदनगर.

सप्टेंबरच्या अखेरीस चिनी कैद्यांनी एका भारतीय अधिकाऱ्याला कुंपणाच्या आत ओढून ओलीस धरलं. थोरात मोजकी माणसं घेऊन निःशस्त्र आत गेले. बाहेर मशीनगन तयार होत्या, आत हजारो चिडलेले कैदी. बोलून, समजावून त्यांनी त्या अधिकाऱ्याला बाहेर काढलं, एक गोळी न झाडता.

मग समजावणी सुरू झाली. एक तंबू. आत मेजामागे त्या कैद्याच्या मूळ देशाचे अधिकारी, बाजूला आयोगाचे लोक. कैद्याला आत आणायचं, त्याच्या देशाच्या माणसांनी त्याला परत यायची विनवणी करायची, आणि त्याने दोनपैकी एका दाराने बाहेर पडायचं. एक दार घरी जाणारं, दुसरं न जाणारं. काही कैदी ओरडत, लाथा झाडत आत आणले गेले. भारतीय जवानांनी त्यांना दोन्ही बाजूंनी धरून ठेवलं. घरच्या दाराने थोडेच गेले.

८८ जणांनी दोन्ही बाजू नाकारल्या. त्यांत १२ चिनी, बाकी कोरियन. उत्तर नको, दक्षिण नको, चीन नको, तैवानही नको म्हणाले. त्यांना कुठे ठेवायचं हे करारात नीट लिहिलेलंच नव्हतं. फेब्रुवारी १९५४ मध्ये थोरातांचं दल परत निघालं तेव्हा हे ८८ जण त्याच्याबरोबर बोटीत चढले आणि मद्रासला उतरले. काही जण भारतातच राहिले. बरेचसे पुढे ब्राझील आणि अर्जेंटिनाला गेले.